दहा बाय आठचा चेहरा

मी मूळचा पेंटर. ट्रकच्या मागचे नंबर, दुकानांच्या पाट्या, भिंतींवरच्या खताच्या जाहिराती हातानं रंगवण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. मग फ्लेक्स आला आणि ब्रशला कोणी विचारेना. तेव्हा यवतमाळच्या बसस्टँडजवळ एक गाळा घेऊन मीही मशीन बसवलं. आता मी वाढदिवस छापतो. आमच्याकडे माणूस आयुष्यात काही करो न करो, त्याचा वाढदिवस मात्र चौकात झाला पाहिजे. वर त्याचा गॉगलवाला फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. त्या रांगेत कोणाचं डोकं कोणापेक्षा बोटभर मोठं झालं, यावरून माझ्या दुकानात कॉलर धरण्यापर्यंत मजल गेली आहे. मी तिरसट आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण काम वेळेवर देतो म्हणून लोक ऐकून घेतात.

वाढदिवसाखालोखाल मागणी असते ती श्रद्धांजलीला. तिची फाईल तयारच ठेवलेली असते. काळी किनार, दोन समया, वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि मधोमध झेंडूचा हार. हाराच्या आतली जागा तेवढी मोकळी. चेहरा बसवला की काम झालं.

गोष्ट घडली ती कॅम्पसवर. शहराबाहेरच्या त्या कॉलेजचं आवार एवढं पसरलेलं आहे की सगळे त्याला कॅम्पसच म्हणतात. मंगळवारी भर दुपारी, सायकल स्टँडजवळ, तिथंच शिकणाऱ्या एका मुलानं एका मुलीला चाकूनं भोसकलं. दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली. मुलगा पळाला नाही, तासाभरात पोलिसांनी त्याला नेलं. एवढंच खरं होतं. बाकीचं सगळं पुढच्या आठवडाभरात आम्ही लोकांनी तयार केलं.

चारच्या सुमारास चहाच्या टपरीवर गेलो, तर पहिला प्रश्न कानावर आला तो आडनावाचा. मुलाचं काय आणि मुलीचं काय. मुलगी कशी होती, कोणत्या वर्गात होती, हे कोणी विचारत नव्हतं. आडनाव कळल्याशिवाय कोणत्या बाजूनं चिडायचं ते ठरत नाही ना! एकानं एक आडनाव सांगितलं, दुसऱ्यानं दुसरंच सांगितलं आणि मुलगी पोस्टमार्टेमच्या खोलीत असताना बाहेर तिची वाटणी सुरू झाली. संध्याकाळी स्टँडवर हॉस्टेलच्या मुलींची रांग लागली. प्रत्येकीच्या हातात पिशवी आणि मागं उभा बाप नाहीतर भाऊ. एरवी या मुली एसटीत एवढा कलकलाट करतात की कंडक्टर वैतागतो. त्या दिवशी गाड्या भरून गेल्या, पण एकही आवाज नव्हता. मला ते बरं वाटलं नाही.

दुकानात आलो तर मोबाईलवर ऑर्डर येऊन पडली होती. आमच्या भागातल्या एका मंडळाचा पुढारी, तिशीतला, पांढऱ्या कपड्यांतला, माझं जुनं गिऱ्हाईक. त्याला चौकात दहा बाय आठचा बोर्ड हवा होता, आणि दुसऱ्या मंडळाचा लागायच्या आत हवा होता. सोबत त्यानं एक फोटो पाठवला होता. कॉलेजच्या गॅदरिंगचा, दहा-बारा मुली साड्या नेसून उभ्या असलेला. खाली लिहिलं होतं, ‘मागच्या रांगेतली, हिरवी साडी.’

मागच्या रांगेत हिरव्या साड्या दोन होत्या.

एक मुलगी सरळ कॅमेऱ्याकडे बघत हसत होती. चेहऱ्यावर उजेड चांगला होता. दुसरी पुढच्या मुलीच्या खांद्याआड गेली होती, मान खाली, अर्धा गाल तेवढा दिसत होता. मला शंका आली. नाही आली असं म्हटलं तर ते खोटं ठरेल. पुढाऱ्याला फोन लावला, तो बिझी लागला. परत लावला नाही. दुसरीचा चेहरा मोठा केला तर नुसते ठिपके दिसत होते, आणि पहिलीचा मात्र कितीही ताणला तरी फुटत नव्हता. मशीनला लागतो तसा तो फोटो होता. मी पहिली उचलली. आजूबाजूच्या मुली पुसून टाकल्या, गालावरची सावली काढली, रंग जरा उजळला आणि हाराच्या आत तिला बसवली. खाली पुढारी आणि त्याची माणसं मानानुसार लावली. अगदी कोपऱ्यात, बारीक अक्षरात, माझ्या दुकानाचं नाव आणि नंबर. तो मी प्रत्येक बोर्डावर टाकतोच.

बुधवारी सकाळी बोर्ड चौकात उभा राहिला. कॅम्पसकडे जाणाऱ्या ऑटो तिथूनच वळतात. बायका बाजाराच्या पिशव्या खाली ठेवून हात जोडत होत्या. भाजीवाल्या म्हाताऱ्यानं आपल्या टोपलीतला झेंडू काढून खाली ठेवला. कॉलेजची मुलं बोर्डासमोर उभी राहून फोटो काढत होती. ‘किती गोड पोरगी होती वो’ असं म्हणत एक बाई अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडली. मी टपरीवरून हे बघत होतो आणि खरं सांगायचं तर मला अभिमान वाटत होता. काम उठून दिसत होतं. दुपारपर्यंत तो चेहरा माझ्या बोर्डावरून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला लागलेल्या दुसऱ्या मंडळाच्या बोर्डावर गेला, तिथून लोकांच्या स्टेटसवर, आणि गुरुवारच्या मोर्चात मुलींच्या हातातल्या कागदांवर. घोषणा देणाऱ्यांचे आवाज बसले होते. बाजाराची शटरं एकामागून एक खाली आली. बोर्डाखाली दोन्हीकडची पोरं खुर्च्या टाकून बसली, एकमेकांवर नजर ठेवून, आणि त्यांच्यापासून थोडी दूर पोलिसांची गाडी उभी राहिली. फ्लेक्स वाऱ्यानं फडफडला तरी सगळ्यांच्या माना वर व्हायच्या.

शुक्रवारी दुपारी एक माणूस दुकानात आला. पन्नाशीच्या आतला, धुतलेला पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. दारातच चपला काढल्या.

“चौकातला थो बोर्ड तुमीच बनवला काय?”

मला वाटलं आणखी एक ऑर्डर आली. “हो. तसाच पाहिजे का?”

“त्यावरची पोरगी माही हाय.”

मी उठून उभा राहिलो, हात जोडले. “फार वाईट झालं, भाऊ.”

“वाईट तं झालंच,” तो म्हणाला. “पण माही पोरगी घरी हाय. आज सकाळी तिच्याच हातची भाकर खाऊन निंघालो मी.”

क्षणभर मला त्याचं बोलणं कळेना. त्याला चढलेली असेल अशीही शंका आली, आता ते आठवलं की लाज वाटते. तो राळेगावकडचा होता, जिनिंगमध्ये रुईच्या गाठी बांधायच्या कामावर. गेलेली मुलगी त्याच्या मुलीची रूममेट. मंगळवारी बातमी कळताच तो आला आणि आपल्या मुलीला घरी घेऊन गेला. दोघींना ओळखणाऱ्या हॉस्टेलच्या मुलीही त्याच संध्याकाळी आपापल्या गावी गेल्या होत्या, म्हणून चौकात कोणी चूक धरली नव्हती. गुरुवारी तिची मावशी गावाच्या फाट्यापासून गळा काढून रडत आली, मागे चार बायका. आवाज ऐकून कोण गेलं ते बघायला मुलगीच दारात आली. मावशी तिला बघून रस्त्यातच खाली बसली.

“लोकं अजून येऊन राह्यले भाऊ,” तो म्हणाला. “घरी येतेत, तिले पाह्यतेत, आन् पाणी न पेता वापस जातेत. तिच्या हातचं कोणी घेऊन नाई राह्यलं.”

मी काय करावं? मी चिडलो. चूक सापडली की मी आधी चिडतो. मला जो फोटो आला तो मी लावला, पाठवणाऱ्याला विचारा, मी काय प्रत्येकीला ओळखतो का, असं बरंच बोललो. तो ऐकत राहिला. शेवटी मीच थांबलो, कॉम्प्युटरवर तो गॅदरिंगचा फोटो उघडला. त्यानं स्क्रीनला बोट न लावता दाखवलं. “हे माही. आन् गेली थे हे.” खांद्याआडची. इतके दिवस गाव जिच्यासाठी रडत होतं, ती मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसली.

मी नवा बोर्ड लगेच करून देतो म्हणालो. तो म्हणाला, “सोमवारी तिची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल हाय. बाहेरून सर येनार, तारीख बदलत नाई म्हनतेत. घरात सगळे म्हनून राह्यले, आता पुरे. तिची माय तं बोलतच नाई. मीच म्हनलं, येक डाव घेऊन जातो. पन तिनं चौकात सोताले हार घातलेलं पाह्यलं तं थे तिथूनच वापस फिरन. मंग तिचं शिक्षन झालं समजा.” तो गयावया करत नव्हता. नुसतं सांगत होता, आणि मला तेच जास्त लागलं.

आम्ही दोघं चौकात गेलो. पुढारी खुर्चीत होता. मी त्याला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण थोडाच वेळ.

“काका, बोर्ड उतरवता नाई येत आता.”

“अरे, मुलगी जिवंत आहे!”

“असन ना. चांगलंच हाय. पन इथं लोकायनं हात जोडले, फुलं वाह्यले. आता उतरवला तं आमचे म्हनतीन समोरच्यायनं फाडला, आन् समोरचे म्हनतीन आमी भेलो. दगडं कोन झेलन? तेरवीपर्यंत राहू द्या.”

तोपर्यंत बाप मागं येऊन उभा राहिला होता. “मंग तेरवीपर्यंत माह्या पोरीनं काय कराव?”

पुढाऱ्यानं त्याच्याकडे अगदी आपुलकीनं पाहिलं. “घरी राहू द्या ना भाऊ तिले. तसंही वातावरन खराब हाय.”

मग मी बंदोबस्तावरच्या साहेबांना गाठलं. ते म्हणाले, “चौक शांत आहे ना? मग राहू द्या शांत.” मी वर बघितलं. माझ्याच हातानं उजळलेला तो चेहरा खालच्या खुर्च्यांकडे बघून हसत होता. त्या क्षणी मला त्या बोर्डाची भीती वाटली. मी आयुष्यभर लोकांचे चेहरे चौकात लावत आलो, पण लावलेला चेहरा उतरवता येणार नाही असं कधी डोक्यातही आलं नव्हतं.

शेवटी मी माझ्या धंद्यातली अक्कल वापरली. शनिवारी पुढाऱ्याच्या घरी गेलो आणि म्हणालो, बोर्ड काढायचा नाही, बदलायचा. त्याच मापाचा. मुलीच्या जागी नुसते जोडलेले हात आणि समई ठेवू. जागा मोकळी होते, तर खाली तुझा फोटोही जरा मोठा करता येईल.

“किती मोठा?” त्यानं विचारलं.

गेलेल्या मुलीचा चेहरा लावायचा प्रश्नच नव्हता. माझ्याकडे आलेल्या बापानं तिच्या घरच्यांना फोन केला होता. ते महागावकडचे. तिचा फोटो चौकात नको, एवढंच ते म्हणाले होते.

रविवारी भर उन्हात, खुर्च्या रिकाम्या झालेल्या असताना, मी स्वतः शिडी लावून चढलो. पेंटरचे पाय अजून शिडी विसरलेले नाहीत. नवा बोर्ड जुन्यावर ताणून बांधला, मग मागून जुना मोकळा करून ओढून घेतला. रस्त्यावरच्या कोणाला कळलंही नाही. जुने फ्लेक्स आम्ही शेतकऱ्यांना देतो, सोयाबीनच्या ढिगावर झाकायला ते चांगले. हा कोणाला देणार? दुकानाचं शटर अर्धं ओढून त्याचे तुकडे केले. चेहऱ्यावरून कात्री चालवायला हात धजेना, म्हणून उलटा करून पांढऱ्या बाजूनं कापला. मग बापाला फोन केला. “या तुम्ही. रस्ता मोकळा आहे.”

सोमवारी सकाळी मी स्टँडवर गेलो. एसटीतून आधी बाप उतरला, मागून ती. सगळ्या मुली बांधतात तसा तोंडावर ओढणीचा फडका घट्ट बांधलेला, डोळे तेवढे उघडे. काखेत प्रॅक्टिकलची वही. मी काय बोलणार? “माझी चूक झाली, बाई,” एवढं म्हणालो. तिनं मान हलवली. ऑटोत आम्ही तिघं बसलो. चौक आला तेव्हा वर नुसते जोडलेले हात होते आणि खाली भला मोठा पुढारी. तिनं एकदा पाहिलं आणि वही उघडून वाचत बसली. मला एवढं हलकं वाटलं की मी ऑटोवाल्याशी विनाकारण गप्पा मारू लागलो.

कॅम्पसच्या गेटवर त्या घटनेपासून ओळखपत्र बघत होते. गार्डनं कार्ड घेतलं, फोटो बघितला आणि म्हणाला, “तोंडावरचं काढा.” तिनं फडका सोडला. गार्ड दोन पावलं मागं सरकला. त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर कोणीतरी कागद चिकटवला होता. माझाच चेहरा. म्हणजे तिचा, हारासकट. खाली उदबत्ती लावलेली.

“हे तं...” तो भिंतीकडे वळून बघत म्हणाला.

मागच्या रांगेतली माणसं पुढं आली. कोणी म्हणालं मेलेल्या पोरीचं कार्ड घेऊन आले, कोणी म्हणालं बहीण असेल. मोबाईल वर झाले. मी मध्ये घुसलो आणि ओरडलो, की बोर्ड मी बनवला, फोटो चुकीचा लागला, चूक माझी आहे, ही मुलगी जिवंत आहे, गेली ती हिची मैत्रीण, हिला आत जाऊ द्या. मला वाटलं लोक मला शिव्या देतील. मारतील असंही वाटलं, आणि मारलं असतं तर बरं झालं असतं. माझ्याकडे कोणी बघितलंही नाही.

“म्हंजे तू तिची मैत्रीन काय?” एका बाईनं विचारलं.

ती हो म्हणाली.

“एकाच खोलीत राह्यत होत्या?”

“मंग तुले सगळं माहीतच असन.”

“तो पोरगा खोलीवर येत होता काय?”

“तवा तू कुठं होती?”

“त्याचा नंबर तुह्याकडंही असनच!”

गेल्या बुधवारी बोर्डासमोर जी बाई दुसरीच्या गळ्यात पडून रडली होती, ती मला त्या गर्दीत दिसली. ती आता मुलीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळत होती. हार होता तोवर ही सगळ्यांची लेक होती. हार उतरला आणि ती कोणाबरोबर हिंडत होती याची चौकशी सुरू झाली. मुलीनं वही छातीशी धरली होती. उत्तर द्यायला तिनं एकदा तोंड उघडलं, समोरचे मोबाईल पाहिले आणि गप्प झाली.

बाप पुढं झाला. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवून तिला गेटच्या आत ढकललं आणि स्वतः गेटच्या मधोमध, तापलेल्या सिमेंटवर मांडी घालून बसला. “मी बाप हाय तिचा. काय इचाराचं थे मले इचारा. थे पेपर देऊन राह्यली.” त्याला विचारायचं असं कोणाकडे काही नव्हतं. पण गर्दी हलली नाही. तीन तास तो तसाच बसून होता. मी पाणी आणलं, ते त्यानं शेजारी ठेवून दिलं.

ती बाहेर आली तेव्हा माणसं दुप्पट झाली होती. “झाली?” बापानं विचारलं. “झाली. बुधवारी दुसरी हाय,” ती म्हणाली आणि फडका बांधला. राळेगावच्या गाडीत बसताना तिनं मला खिडकीतून विचारलं, “काका, बुधवारी तुमी याल काय गेटवर?” मी म्हणालो, “येईन म्हणजे काय! सकाळी सातपासून उभा राहतो.”

मंगळवारी गेटवरचा व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाईलवर होता. त्यावर लिहिलं होतं, ‘खरी गुन्हेगार कोण?’ माझ्या दुकानात वाढदिवसाच्या बोर्डासाठी आलेला एक जण तो बघत म्हणाला, “पोरगी तशी साधी दिसत नाई.” मी त्याला दुकानातून हाकलला.

बुधवारी मी सातला स्टँडवर गेलो. राळेगावकडची पहिली गाडी आली, दुसरी आली. नऊला गेटवर जाऊन आलो. तिथला कागद कोणीतरी फाडला होता, पण अर्धवट, कपाळ आणि एक डोळा तसाच चिकटून होता. नखानं मी तो खरवडून काढला. साडेदहाला प्रॅक्टिकल सुरू झालं असणार. मग मी बापाला फोन लावला. जिनिंगचं मशीन मागं घरघरत होतं, त्यामुळे त्याला मोठ्यानं बोलावं लागलं.

“नाई आलो भाऊ. आता नाई येत थे.”

“अहो, पण बोर्ड तर काढला ना मी!”

तो मशीनपासून जरा बाजूला गेला असावा, घरघर कमी झाली.

“थो बोर्ड होता तेच बरं होतं, भाऊ,” तो म्हणाला. “तवा लोकं माह्या पोरीले हात तं जोडत होते.”